स्वस्तातली दुनळी

मंडळी, या विकांताला जरा वेगळा विषय. बंदूक. घाबरू नका, हाणामारीची नाही. दोन नळ्या शेजारी शेजारी असलेली, छऱ्यांची, काडतुसाची बंदूक. आपल्याकडे तिला सरळ 'बारा बोअर' म्हणतात. बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या सिक्युरिटीवाल्या काकांच्या मांडीवर बऱ्याचदा हीच असते, आणि हिंदी सिनेमातल्या ठाकूरच्या हवेलीत भिंतीवर टांगलेलीही हीच.

आधी 'बोअर'चा हिशोब सांगून टाकतो, कारण तो फार कमी लोकांना माहीत असतो. एक पौंड शिसं घ्या, त्याचे सारखे १२ गोल गोळे करा. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ बोअरची नळी. आतला व्यास साधारण १८.५ मिमी. २० गोळे केले तर २० बोअर, साधारण १५.६ मिमी. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. उलटा हिशोब आहे, पण एकदा कळला की विसरायला होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. अमेरिकेत मिनेसोटात स्थायिक झालेला माझा एक मित्र आहे. शनिवारी क्लबात जाऊन मातीच्या तबकड्या फोडतो आणि थंडी सुरू व्हायच्या आधी रीतसर लायसन्स काढून फेझंटच्या शिकारीला जातो. दोन्हीसाठी चालेल अशी एकच दुनळी त्याला घ्यायची होती, तीही खिशाला परवडणारी. त्याने मला विचारलं, "एवढं साधं यंत्र आहे. दोन नळ्या, दोन चाप, दोन घोडे. पाच-पाच गोळ्या झाडणारी पंप-ॲक्शन स्वस्त मिळते आणि ही साधी दुनळी महाग, असं का? आणि स्वस्तातली घेतली तर नेमकं काय कमी मिळतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इंजिनियरिंगचं आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र इतिहासात आहे आणि ते शोधता शोधता माझे तीन विकांत गेले.

दोन नळ्यांचं लफडं

वरून बघितलं तर वाटतं, दोन नळ्या घ्या, समांतर ठेवा, डाग द्या, झालं काम. तसं नसतं. नळी मागच्या बाजूला, जिथे काडतुसाचा स्फोट होतो तिथे, जाड असावी लागते आणि पुढे पातळ. त्यामुळे दोघींचे मध्य मागे लांब आणि पुढे जवळ येतात. त्यात उजवी नळी झाडली की बंदुकीचा धक्का मधोमध न बसता उजवीकडून बसतो आणि छरे नळीतून बाहेर पडेपर्यंत बंदूक किंचित उजवीकडे वळलेली असते. डावीचं बरोब्बर उलट. हे सगळं गृहीत धरून दोन्ही नळ्या किंचित आत वळवून अशा जोडायच्या, की ३५-४० यार्डांवर दोघींचे छरे एकाच जागी पडले पाहिजेत. मग वर-खाली लांब पट्ट्या बसवून सगळं झाळून टाकायचं. नंतर झाडून बघायचं. चुकलं तर झाळ सोडवून परत जोडायचं.

आपल्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळं कोडिंग, आणि हे इंटिग्रेशन टेस्टिंग. तेही मॅन्युअल. पंप-ॲक्शनला नळी एकच, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. मशीनवर नळ्या काढा, पेटीत भरा, पाठवा.

हे डोक्यात ठेवलं की पुढच्या दीडशे वर्षांचा इतिहास एकदम सरळ दिसायला लागतो.

बर्मिंगहॅमच्या गल्ल्या

१८५१ साली लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसचं ते प्रसिद्ध प्रदर्शन भरलं. त्यात पॅरिसच्या कासिमिर लफोशोची बंदूक आली होती. तोपर्यंत इंग्रज शिकारी ठासणीची बंदूक वापरत. म्हणजे तोंडातून दारू, मग छरे, मग गजाने ठासायचं. लफोशोची बंदूक मधे मोडायची आणि मागून तयार काडतूस घालायचं. इंग्रज बंदूकवाल्यांनी आधी नाकं मुरडली, मग नक्कल केली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत तिच्यात इतक्या सुधारणा केल्या की मूळ फ्रेंच बंदूक जुनाट दिसू लागली.

यातलं बरंच काम बर्मिंगहॅमच्या 'गन क्वार्टर'मध्ये होत होतं. आपल्या पुण्यातली तांबट आळी डोळ्यासमोर आणा आणि ती कित्येक पट मोठी करा. सेंट मेरीज चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत शेकडो छोटी दुकानं. नळीला भोक पाडणारा वेगळा, दोन नळ्या जोडणारा वेगळा, लॉक कानसणारा वेगळा, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा. अर्धवट बंदूक या दुकानातून त्या दुकानात फिरायची आणि शेवटी ज्याचं नाव तिच्यावर कोरलं जायचं त्याने तिच्यातलं बरंचसं काम केलेलंच नसायचं. आउटसोर्सिंग म्हणजे आपलाच शोध असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही माहिती :)

फक्त एक गोष्ट सगळ्यांना सक्तीची होती. १८१३ साली संसदेच्या कायद्याने उभ्या राहिलेल्या प्रूफ हाउसमध्ये प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या दारूने झाडून बघत आणि टिकली तरच तिच्यावर शिक्का मारत. त्या शिक्क्याचं महत्त्व पुढे येईलच.

१८७५ : भाग कमी करा

वेस्टली रिचर्ड्स नावाच्या बर्मिंगहॅमच्या कंपनीत विल्यम ॲन्सन आणि जॉन डीली असे दोघे नोकरीला होते. १८७५ मध्ये त्यांनी एक पेटंट घेतलं. त्या काळच्या बंदुकीला बाहेर दोन घोडे असत आणि प्रत्येक वेळी ते अंगठ्याने मागे ओढावे लागत. घोड्यांची यंत्रणा दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांवर बसवलेली असे. तिला साइडलॉक म्हणतात. या दोघांनी पट्ट्या काढून टाकल्या आणि घोडे, स्प्रिंगा वगैरे मधल्या लोखंडी ठोकळ्यातच बसवल्या. हा बॉक्सलॉक.

खरी गंमत पुढे आहे. काडतूस घालायला बंदूक मोडावी लागतेच. मग ती मोडताना नळ्या खाली जातात त्याच जोराने आतल्या तरफा फिरवून घोडे चढवून घेतले तर? जे काम शिकारी आधीच करतोय त्याच्यातच दुसरं काम उरकून घ्यायचं. अंगठ्याचं काम संपलं, बाहेरचे घोडे संपले आणि प्रत्येक बाजूला मोजके चार-पाच भाग उरले. लॉक कानसण्याचं कित्येक तासांचं काम वाचलं. उत्तम रिफॅक्टरिंग म्हणतात ते हेच. आजही जगात विकली जाणारी जवळजवळ प्रत्येक परवडणारी दुनळी याच कल्पनेवर चालते.

पण नीट बघा. ॲन्सन आणि डीलींनी स्वस्त केलं ते लॉक. नळ्या जोडायचं काम होतं तिथेच राहिलं.

सिअर्सचं कॅटलॉग आणि नावांची भेसळ

पेटंटची मुदत संपल्यावर बॉक्सलॉक सगळ्यांचाच झाला. बेल्जियममधल्या लीजमधून स्वस्त दुनळ्या जहाजं भरभरून अमेरिकेला जाऊ लागल्या. अमेरिकेतही पार्कर, इथाका, एल. सी. स्मिथ, फॉक्स अशी चांगली घराणी होती, पण सामान्य शेतकऱ्याला बंदूक मिळायची ती गावच्या हार्डवेअरच्या दुकानात किंवा सिअर्स रोबकच्या टपालाच्या कॅटलॉगमध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे वीसेक डॉलरच्या आत दुनळी मिळत होती.

या स्वस्त मालात एक जुनी युक्ती होती. बेल्जियमहून आलेल्या काही बंदुकांवर 'डब्ल्यू. रिचर्ड्स' असं नाव कोरलेलं असायचं. गिऱ्हाइकाला वेस्टली रिचर्ड्स आठवावा, एवढाच हेतू. आपल्याकडे फुटपाथवर 'आबिबास'चे बूट मिळतात त्यातलाच प्रकार. घडणीत काटकसर आणि नावात उधळपट्टी.

मग पंप-ॲक्शन आली. विंचेस्टरची १८९७ ची, नंतर ब्राउनिंगची आपोआप काडतूस भरणारी, १९५० नंतर रेमिंग्टनची ८७०. एकच नळी, मशीनवर बनणारी. दुनळीवाल्यांचं कंबरडं मोडलं. मंदीच्या काळात, १९३४ साली, पार्करसारखी कंपनी रेमिंग्टनला विकली गेली. विंचेस्टरने १९३१ मध्ये 'मॉडेल २१' ही दुनळी काढली, तिच्या नळ्या झाळण्याऐवजी एकमेकींत खाच करून अडकवल्या. बंदूक अफाट मजबूत झाली, पण स्वस्त काही झाली नाही. १९६० च्या आसपासपासून ती फक्त ऑर्डरप्रमाणे बनू लागली.

सामान्य माणसासाठी राहिली स्टीव्हन्सची ३११. बॉक्सलॉक, साधं लाकूड, नक्षीच्या नावाने ठोकून उठवलेल्या रेघा, वजनाला जड. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती बनत होती. दिसायला ओबडधोबड, पण नावाच्या बाबतीत प्रामाणिक. नळ्यांच्या जुळणीचं मात्र नशीब. एखादी छान लागायची, एखादी नाही.

एइबार : हात स्वस्त होते तिथे

स्पेनच्या बास्क प्रांतात डोंगरांच्या चिमटीत एइबार नावाचं गाव आहे. शतकानुशतकं तिथे बंदुका बनत आल्या. सायकलवाल्यांना ऑर्बेआ आणि बीएच ही नावं माहीत असतील. दोन्ही घराणी मुळात एइबारची बंदूकवाली. (बर्मिंगहॅमची बीएसए आठवते का? तिच्या फटफटीवर तीन बंदुकांचं चिन्ह उगाच नव्हतं.)

याच गावात १९१५ च्या सुमारास आगिरे आणि आरान्साबाल या दोघांनी कंपनी काढली. आद्याक्षरं जोडून एवायए. १९३७ मध्ये यादवी युद्धात एइबारवर बाँब पडले, गाव उद्ध्वस्त झालं, परत उभं राहिलं. १९५० च्या दशकात इंग्लंडमधले अँड्र्यू आणि पीटर किंग हे भाऊ तिथे पोचले. त्यांचं गणित सरळ होतं. इंग्लंडमध्ये चांगली दुनळी आता फक्त श्रीमंतांची राहिली होती, कारण तिच्यात माणसाचे तास जातात आणि इंग्लंडमध्ये माणसाचे तास महाग झाले होते. एइबारमध्ये हात तितकेच तयार होते आणि मजुरी कमी होती. त्यांनी इंग्रजी वळणाच्या बंदुका बनवून घ्यायला सुरुवात केली. 'नंबर १' आणि 'नंबर २' हे साइडलॉक, आणि 'नंबर ४' हा आपल्या ॲन्सन-डीलीचा बॉक्सलॉक. इंग्लंडमधल्या शाळामास्तरांना, शेतकऱ्यांना, डॉक्टरांना परवडेल अशी इंग्रजी पद्धतीची दुनळी मिळाली ती अशी.

इथे नळ्या जोडायचं काम स्वस्त झालं का? काम तेवढंच राहिलं, फक्त ते जिथे कमी पैशात होत होतं तिथे हलवलं गेलं. आयटीतल्या माणसाला ही गोष्ट जास्त समजावून सांगायची गरज नाही. आणि तिचा पुढचा भागही ओळखीचाच आहे. स्पेन सुधारला, मजुरी वाढली. १९८० च्या दशकात एइबारच्या बऱ्याच बंदूकवाल्यांना एकत्र करून 'दिआर्म' नावाची एकच मोठी कंपनी केली गेली. काही वर्षांतच ती बुडाली. तिच्याबरोबर कित्येक जुनी नावं गेली. एवायए मात्र थोड्याशा कारागिरांसह परत उभी राहिली, पण ती स्वस्तातली राहिली नाही.

काम पुन्हा सरकलं. ब्राझीलमध्ये बनलेल्या आणि अमेरिकेत स्टोगरच्या नावाने विकल्या गेलेल्या 'अपलँडर'. रशियाच्या इझेव्स्कमधल्या बैकाल, ज्यांचं अमेरिकेत येणं २०१४ च्या निर्बंधांमुळे थांबलं. आणि तुर्कस्तानातलं कोन्या प्रांतातलं हुगलू, जिथल्या बंदूकवाल्यांनी १९६२ मध्ये सहकारी संस्था काढली. (हो, आपल्या साखर कारखान्यासारखीच सहकारी.) त्यांनी पुढे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आणली, आणि त्यांच्या दुनळ्या अमेरिकेत सीझेड या नावाखाली खपल्या.

मग घेताना काय बघायचं?

इतिहासाचा सारांश असा निघतो की लॉक १८७५ मध्येच स्वस्त झालं, लाकूड आणि नक्षी मशीनने स्वस्त केली. अजून महाग आहे ती नळ्यांची जुळणी. त्यामुळे स्वस्त बंदुकीत काटछाट झाली असेल तर ती तिथेच असणार, आणि नेमकी तीच डोळ्यांना दिसत नाही. मित्राला लिहून पाठवलेली यादी अशी :

१. बॉक्सलॉक घे. काही स्वस्त बॉक्सलॉकना बाहेरून खोट्या पट्ट्या लावून साइडलॉकचा आव आणलेला असतो. त्या पट्ट्यांचे पैसे नळ्यांतून गेलेले असू शकतात.

२. बंदूक रिकामी आहे हे आधी स्वतः मोडून बघ. मग नळ्या सुट्या करून हुकाला टांग आणि टिचकी मार. माठ घेताना आई मारायची तशीच. घंटेसारखा आवाज घुमला तर झाळ पक्की. बद्द आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटली आहे.

३. पुढचं लाकूड काढून बंदूक बंद कर आणि हलवून बघ. नळ्या खुळखुळता कामा नयेत. उजेडाकडे धर, नळ्यांची मागची बाजू आणि लोखंडी भिंत यांच्यामधून उजेड दिसला तर पुढे जा, दुसरी बघ.

४. शक्य असेल तर मोठ्या कागदावर झाडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ४० यार्डांवर उजवीची एक, वेगळ्या कागदावर डावीची एक, निशाणा तोच. दोन्हींचे मध्य चार-पाच इंच इकडेतिकडे चालतील. फूटभर असतील तर ती एक बंदूक नाही, शेजारी राहणाऱ्या दोन बंदुका आहेत.

५. चाप दोनच बरे. पुढच्या चापाने साधारणपणे उजवी, मोकळी नळी उडते, मागच्याने डावी, तोंडाशी जास्त आवळलेली. पक्षी जवळ असेल तर पुढचा, लांब असेल तर मागचा. एका चापाची यंत्रणा जास्त नाजूक, आणि स्वस्त बंदुकीत नाजूक गोष्टी जितक्या कमी तितकं बरं. रिकामी काडतुसं आपोआप उडवणारे इजेक्टरही नसले तरी काही बिघडत नाही.

६. वजन. दिवसभर शेतातून चालायचं तर पावणेतीन किलोची बंदूक सुखाची. पण तिच्यातून शनिवारी शंभर काडतुसं झाडली तर रविवारी खांदा बोलतो. दोन्हींसाठी एकच हवी तर तीन किलोच्या आसपासची १२ बोअर, २८ इंची नळ्या, आणि तबकड्यांसाठी २४ ते २८ ग्रॅम छऱ्यांची हलकी काडतुसं.

७. जुनी घेत असशील तर प्रूफचे शिक्के वाच. हे सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या इंग्रजी बंदुकांची काडतुसाची खोली बऱ्याचदा अडीच इंच (६५ मिमी) असते. अमेरिकन काडतूस पावणेतीन इंची (७० मिमी). घोळ असा की न झाडलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असतं म्हणून ते आखूड खोलीतही बिनतक्रार बसतं. झाडल्यावर तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं असं नाही.

८. पट्ट्या पिळून बनवलेल्या, नक्षीदार दिसणाऱ्या दमास्कस नळ्या सुंदर असतात. त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या आहेत. जाणकार गनस्मिथने तपासल्याशिवाय झाडू नकोस.

९. बदकांचा विचार असेल तर लक्षात ठेव, अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छरे चालत नाहीत, कारण तळ्यात पडलेलं शिसं खाऊन पक्षी मरत. पोलादी छरे जुन्या, घट्ट तोंडाच्या पातळ नळ्या खराब करू शकतात. तिथे पोलादासाठी प्रूफ केलेली नवी तुर्की बंदूकच बरी.

१०. दस्ता तुझ्या अंगाला बसला पाहिजे. डोळे मिटून बंदूक खांद्याला लाव, मग उघड. नजर सरळ मधल्या पट्टीवरून जात नसेल तर दस्ता कापून किंवा वाढवून घेता येतो. त्याचे पैसे बजेटमध्ये धर.

एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगितली. तबकड्यांच्या स्पर्धेत जिंकायचं असेल तर दुनळी घेऊच नकोस. १९३१ मध्ये ब्राउनिंगची एकावर एक नळ्यांची 'सुपरपोज्ड' बाजारात आली, आणि एकाच नळीची अरुंद रेघ दिसत असल्याने निशाणेबाज हळूहळू तिकडेच गेले. अथेन्सला २००४ मध्ये राज्यवर्धनसिंह राठोडांनी रौप्यपदक जिंकलं तेही असल्याच बंदुकीने. आडवी दुनळी ही चालत चालत शिकार करणाऱ्याची बंदूक. क्लबात ती न्यायची ती हात तयार ठेवायला.

आपल्याकडच्या वाचकांसाठी : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हौसेची शिकार संपली, आणि ते योग्यच झालं. बंदूक बाळगायची तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचं लायसन्स लागतं. निशाणेबाजी मात्र रायफल क्लबांतून रीतसर शिकता येते.

मित्राच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी एका ओळीत दिलं. स्वस्तातल्या दुनळीत कमी मिळतात ते त्या माणसाचे तास, जो नळ्या जोडतो, झाडून बघतो, चुकलं तर सोडवून परत जोडतो. बर्मिंगहॅममधून ते तास एइबारला गेले, तिथून कोन्याला. मशीनने ते कमी केले, संपवले नाहीत. नक्षी, नाव, पट्ट्या यांवरचे पैसे वाचव आणि ते तास विकत घे, मग बंदूक कुठल्याही गावची असो.

असो. पुढच्या विकांताला भेटूच.